ललितच्या बदल्यात योगेश

सिल्वासात क्रिकेट सगळेच बघतात. हॉकी बघतो तो झुंबर पाटील. झारखंड-ओडिशातल्या सिमडेगा आणि सुंदरगडाकडून कामाला आलेल्यांनी ट्रंकेतून हॉकीच्या काठ्या आणल्या, त्यातून पाच कंपन्यांचे पाच संघ उभे राहिले आणि दर हिवाळ्यात चषकाचे सामने होऊ लागले. झुंबर मूळचा पारोळ्याचा. त्याने हॉकीची काठी हातात धरली ती आयुष्यात एकदाच, कुत्रं हाकलायला. पण खडोलीच्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरवर मदतनीस म्हणून लागला, तेव्हापासून अकरा वर्षांत त्याने कंपनीचा एकही सामना चुकवला नव्हता. संघाला प्रशिक्षक होता. पण खेळाडू बदलण्याआधी तो एकदा झुंबरकडे बघून घेई, कारण नंतर ऐकून घ्यावं लागणारच होतं.

यंदा संघ अंतिम फेरीत पोचला होता. सामना नरोलीच्या कंपनीशी, पंधरा दिवसांनी, रविवारी. झुंबरने निकालही जाहीर करून टाकला होता: चार-एक. त्यातला एक गोल त्याने नरोलीला माणुसकी म्हणून दिला होता.

अशात सकाळी गेटसमोरच्या टपरीवर संघाचा गोलकीपर विकी धापा टाकत आला.

"झुंबरभाऊ, ऐकलं का? ललित नरोलीला गेला."

"कशाला? लग्न आहे कुणाचं?"

"डेप्युटेशनवर. वर्षभर. काम तिथंच, आणि खेळणार पण तिकडूनच."

ललित केरकेट्टा म्हणजे संघाचा सेंटर फॉरवर्ड. मोसमातल्या वीस गोलांपैकी सोळा त्याचे. झुंबरने चहाचा ग्लास खाली ठेवला. त्यात अजून अर्धा चहा होता, त्यावरून टपरीवाल्याला प्रसंगाचं गांभीर्य कळलं.

"बदल्यात कोण आला?" झुंबर म्हणाला. "त्यांचा सेंटर हाफ दिला असेल, तर एक वेळ समजून घेऊ."

"योगेश सोनार."

"हा कोण? कुठं खेळतो?"

"बॉयलरवर."

पाचव्या मिनिटाला झुंबर मनुष्यबळ विभागात उभा होता. विभागप्रमुख सुजाता आपटे पुण्याच्या. त्या कधी आवाज चढवत नसत, समोरच्याचा उतरवत.

"मॅडम, हा सौदा कुणी केला, त्याचं नाव सांगा फक्त. सोळा गोलांचा पोरगा दिला आणि आणला काय, तर वाफेचा माणूस! ही काय अदलाबदल झाली भो?"

"बसा, झुंबरभाऊ."

"बसत नाही. उभ्यानंच ऐकतो."

"बॉयलर चालवणारे आपले जुने अटेंडंट गेल्या महिन्यात निवृत्त झाले. प्रमाणपत्राचा माणूस नसेल तर बॉयलर पेटवता येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. नरोलीकडे असे दोघं होते. एक देतो म्हणाले, पण बदल्यात ललितच हवा म्हणाले."

"मग आपल्यातलाच एखादा आधी परीक्षेला का नाही बसवला? एवढ्या मोठ्या कंपनीत एक माणूस तयार करता येऊ नये? कोण आळशी बसलाय त्या जागेवर?"

सुजाताबाईंनी कपाटातून फाईल काढली. "कंपनीने तीन वर्षं एकाच उमेदवाराचा अर्ज भरलाय. पहिल्या वर्षी उमेदवार गैरहजर, त्या दिवशी रांध्याच्या कंपनीशी सामना. दुसऱ्या वर्षी गैरहजर, उपांत्य सामना. तिसऱ्या वर्षी गैरहजर, सराव सामना." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सराव सामना, झुंबरभाऊ."

झुंबर बसला.

"त्यात नवा गोलकीपर उतरवला होता, मॅडम," तो म्हणाला. "बघणं भाग होतं."

"यंदाची परीक्षा येत्या पंधरवड्यात आहे. सुरतेला. तुम्ही पास झालात, तर ललितसाठी नरोलीला मी स्वतः फोन करीन."

"कोणत्या दिवशी आहे?"

त्यांनी तारीख सांगितली. झुंबरने ती बोटांवर मोजली. मग दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजून पाहिली. दोन्हीकडे अंतिम सामन्याचाच रविवार आला.

घरी त्याने दुर्गापुढे, म्हणजे बायकोपुढे, गाऱ्हाणं मांडलं. ती भाकरी थापत होती.

"तुम्ही मैदानावर नसले तर काय होईल?"

"हरतील ना! मागून ओरडणारं कुणी पाहिजे."

"आणि असले तर? ललित तर तिकडून खेळेल."

झुंबरने प्रामाणिकपणे विचार केला. "तरी हरतील."

"मग निदान पास तरी व्हा."

शिकवायला मात्र एकच माणूस होता. झुंबर दोन दिवस योगेशशी बोलला नव्हता. तिसऱ्या दिवशी वही घेऊन त्याच्यापुढे जाऊन बसला. योगेश शिरपूरचा, स्वभावाने गरीब. आपल्यामुळे एवढा गोंधळ झाला याचंच त्याला वाईट वाटे, म्हणून शिकवतानाही तो माफी मागत शिकवी. सेफ्टी व्हॉल्व्ह, फीड पंप, पाण्याची पातळी दाखवणारी काच, असं सगळं उरलेल्या बारा दिवसांत झालं. एवढी वर्षं रोज हाताखालून गेलेलं यंत्र होतं; फक्त त्याच्याकडे बघायला झुंबरला आजवर सवड झाली नव्हती.

सुरतेला तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "काचेत पाणी दिसेनासं झालं. काय कराल?"

"आधी काचेचा नळ सोडून, ती साफ करून खात्री करणार. पाणी खरंच गेलं असेल तर आग बंद. वरून पाणी सोडायचं नाही. घाबरलेला बचाव चेंडू मिळेल तिकडे मारत सुटतो ना साहेब, तसं करायचं नाही."

शेवटचं वाक्य परीक्षकांनी धरलं नाही. बाकीच्याला पूर्ण गुण दिले.

बाहेर येताच त्याने विकीला फोन लावला.

"चार-एक," विकी म्हणाला. "ललितनेच तीन मारले. मला बघून सॉरी म्हणायचा आणि मारायचा."

"आकडा बरोबर सांगितला होता मी," झुंबर म्हणाला. "बाजू तेवढी चुकली."

महिन्याभराने निकाल आला. झुंबर पास. सुजाताबाईंनी शब्दाप्रमाणे नरोलीला फोन केला आणि मग झुंबरला बोलावून घेतलं.

"ते ललितला सोडायला तयार आहेत. त्यांचा दुसरा अटेंडंट नोकरी सोडून गेलाय, त्यांना प्रमाणपत्राचा माणूस तातडीने हवाय."

"मग योगेशला पाठवा परत."

"त्याच्या बायकोला, मंगलाला, आपल्याच पॅकिंगमध्ये काम लागलंय. मुलीला इथल्या शाळेत घातलंय. परत पाठवलं तर राजीनामा देतो म्हणाला. नरोलीवाले म्हणतात, कुणीही चालेल." त्यांनी चष्मा काढला. "तुमच्यावर सक्ती नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर ललित तिकडेच राहील, एवढंच."

झुंबर खिडकीतून बघत राहिला. बॉयलरच्या धुराड्यापलीकडे मैदानाचा एक कोपरा दिसत होता. पण त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या अदलाबदलीवर बोलताना असे, तोच जाणकार भाव होता.

"म्हणजे बघा. आत्ता कुठे मिळालेलं प्रमाणपत्र. वय सेहेचाळीस. डाव्या गुडघ्यात कळ. आणि त्याच्या बदल्यात पूर्ण ललित?"

"पूर्ण."

"त्यांना गुडघ्याचं सांगितलंय?"

"त्यांनी विचारलं नाही."

"मग आजच सही करून घ्या, मॅडम. सोमवारपर्यंत तिकडे एखादा शहाणा निघायचा."

सोमवारी सकाळी नरोलीच्या गेटवर दोघं समोरासमोर आले. ललित पिशवी घेऊन बाहेर पडत होता, झुंबर डबा घेऊन आत शिरत होता.

"काका, मेरे बदले में आप?" ललित ओशाळून म्हणाला. "मैंने नहीं बोला था."

"अरे, लुटलं आपण त्यांना! तू जा, विकी वाट बघून राहिला. आणि कॉर्नर घेताना उजवा खांदा आधी उघडतोस, ते बंद कर. माझ्याकडे एक वर्ष आहे. यांचा गोलकीपर कुठल्या बाजूला आधी झुकतो, ते मी बघून ठेवतो."

ललित हसत गेला. झुंबरने शर्ट आत खोचला आणि वॉचमनसमोर जाऊन उभा राहिला.

"कौन?" वॉचमन म्हणाला.

"नया बॉयलर अटेंडंट," झुंबर म्हणाला. "टीम की प्रॅक्टिस कितने बजे होती है?"