रडणाऱ्या झाडातलं आमचं सिमेंट

हे लिहिणारच नव्हतो. कारण यात चूक माझीही आहे.

दवाखान्याच्या फाटकासमोरच्या जुन्या झाडाच्या खोडातून पाणी गळायला लागलं आणि आठवड्यात तिथे रांग लागली. दवाखान्याच्या रांगेपेक्षा लांब. एक महाराज कुठूनसे उगवले. त्यांनी खोडाला लाल कापड गुंडाळलं. रोज सकाळी दहाला ते खोडाला मिठी मारायचे आणि कापडाखालून धार सुटायची. "झाड तुमच्या वाटचं रडतंय," म्हणायचे, "सांडू देऊ नका." बाटली विसरलात तर तीही त्यांच्याकडे विकत मिळायची. जेवायची वेळ झाली की झाडाचं रडणं आपोआप थांबायचं.

मी आणि लंब्या झाडं छाटणाऱ्या टोळीत. शाळा मी नववीत सोडली. झाडांबद्दल जे कळतं ते रद्दीतल्या पुस्तकांतून. लंब्याच्या आईला काचबिंदू आहे. काकूंनी डॉक्टरांचे थेंब बंद केले आणि झाडाचं पाणी डोळ्यांत घालायला लागल्या. लंब्या म्हणाला, तिला बरं वाटतंय, तू मध्ये पडू नकोस. नाही पडलो. दिवसभर करवत चालवून कुणाशी वाद घालायचं त्राण नसतं. आणि खरं सांगायचं तर नोकरी जायची भीती होती.

कारण ते झाड मी ओळखलं होतं. चार वर्षांपूर्वी, लंब्या टोळीत यायच्या आधी, त्याची मोठी फांदी आम्हीच कापलेली. आत ढोली दिसली, ती खरवडून सिमेंट भरलं. आमच्यात पद्धतच तशी. दात भरल्यासारखं भोक भरायचं आणि ओल्या सिमेंटवर खिळ्याने तारीख कोरायची.

पंधरा दिवसांत काकूंचा डावा डोळा सुजून लालभडक झाला. त्यांना दवाखान्यात भरती केलं. मग मी लंब्याला सगळं सांगितलं. त्याने कोयता उचलला. सरळ रांग ओलांडून झाडाजवळ गेला. महाराज म्हणाले, झाडाची लाज उघडी करू नये. लंब्याने कोयता कापडाखाली सारला.

आत आमचं सिमेंट. आमची तारीख. खाली 'टोळी तीन'. कडेच्या फटीत चिंधीचा बोळा. मिठी मारताना काढायचा, जेवायच्या वेळी परत कोंबायचा, एवढाच चमत्कार.

मी छिन्नी मारली. ढपला निघाला, फस्स करून हवा सुटली आणि पिवळं, कुजकं पाणी बाहेर आलं. पुढच्या दहा जणांनी नाकं धरली.

मी सांगितलं, झाड रडत नाही. जखम झाली की ते ती भरून काढत नाही, तिच्याभोवती आतून भिंत घालतं. आम्ही खरवडताना ती भिंत फोडली आणि वरून झाकण लावलं. आत पाणी कोंडलं, जंतू माजले, त्यांच्या वायूने ते पाणी बाहेर रेटलं.

"मग माझा गुडघा दुखायचा कसा राहिला?" एका मावशींनी विचारलं.

"दुखणं कमीजास्त होतंच, मावशी. कमी झालं तो दिवस तेवढा तुमच्या लक्षात राहिला."

मावशी बाटली घेऊनच गेल्या. महाराज तर त्याआधीच गेले होते.

काकूंचा डावा डोळा गेला. उजवा थेंबांवर आहे. तुम्ही कुणावर विश्वास ठेवायचा ते मी सांगत नाही. फक्त डोळ्यात काही घालायच्या आधी विचारा, हे येतं कुठून?

दवाखान्याच्या बाकावर लंब्याने विचारलं, "तुला पहिल्याच दिवशी कळलेलं?"

"हो."

तो म्हणाला, "लिही हे. स्वतःला वगळू नकोस."

"लिहितो. आणि यापुढे कळलं की त्याच दिवशी बोलेन. तू गप्प बस म्हणालास तरी."