पाकटाची खोली

पाकट, तो चपटा गोल मासा, टबात फिरायला जाई आणि दर वेळी त्याच्या अंगाची कड प्लास्टिकला घासे. टाकीवाले जमिनीवर उकिडवे बसून ते बघत होते. लोकांच्या दिवाणखान्यांत, दवाखान्यांत, हॉटेलांच्या दारात माशांच्या टाक्या बसवण्यात त्यांची हयात गेली होती. नाव मागे पडून ‘टाकीवाले’ तेवढं उरलं होतं. हे पाकटही त्यांनीच या घरात आणलेलं. तेव्हा ते बशीएवढं होतं. आता त्याला ताटही पुरलं नसतं.

घर दातांच्या डॉक्टरांचं. ते गाव सोडून मुलाकडे राहायला निघाले होते, आणि सामान हलवताना कपाटाचा कोपरा लागून टाकीला तडा गेला होता. याला दुसरं घर बघा, नाहीतर मी तरी काय करू, असं ते ओशाळून म्हणाले. टाकीवाल्यांनी ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोन लावले. कुणी वरच्या मजल्यावर राहत होतं, तिथल्या जमिनीला एवढं पाणी पेललं नसतं. कुणाच्या सुनेला शेपटीवरच्या विषारी काट्याची धास्ती. शेवटी सगळ्यांनीच काखा वर केल्या.

टाकीवाल्यांच्या स्वतःच्या घरात एक मासा नव्हता. दिवसभर पाण्यात हात घातल्यावर घरी कोरडं बसावंसं वाटे. घर तळमजल्यावरचं, पण लहान. पसरट टाकी मावेल अशी एकच खोली होती, लेकीची.

लेक परदेशी जाऊन बरीच वर्षं झाली होती. बायको मात्र ती खोली झाडून-पुसून तयार ठेवी, पलंगावरची चादर नेमानं बदली. गेल्या खेपेला लेक नवऱ्यामुलांना घेऊन आली ती हॉटेलात उतरली. तुम्हाला उगीच त्रास कशाला, म्हणाली.  तरी चादर बदलणं थांबलं नाही.

जेवताना त्यांनी विषय काढला तो आडवळणानं. पाकट तळाशीच राहतं, वाळूत तोंड खुपसून खाणं शोधतं, त्याला पाण्याची खोली कमी असली तरी चालते पण वळायला रुंदी लागते, टबात अंग घासतं, असं बरंच काही सांगून झालं. 

“लेकीची खोली हवीय, असं सरळ म्हणा ना,” ती म्हणाली.

“तू नको म्हणालीस तर नको.”

ती ताटं उचलून आत गेली. टाकीवाल्यांनी विषय संपला असं धरलं.

सकाळी जाग आली ती खडखडाटानं. लेकीच्या खोलीत गादी भिंतीला उभी होती, चादरींच्या घड्या खिडकीत होत्या आणि बायको पलंगाशी झटापट करत होती.

“नट गंजलेत. तुमचा पाना आणा.”

“अगं, पण ती आली तर?”

“आली तर बघू.” तिनं मान वर केली नाही. “ते तिकडे टबात घासतंय ना?”

पुढचे काही दिवस खोलीत काचा आल्या, त्या जोडल्या गेल्या, सांधे वाळले. तळाला बारीक वाळू पसरली. पाकट हीटरवर बसून भाजून घेतं, म्हणून हीटरला जाळी लावली. डॉक्टरांकडचा जुना फिल्टर आला तसा बायकोनं तो नळाखाली घासायला घेतला. टाकीवाले धावत आले. त्या तपकिरी बुळबुळीत थरातच पाणी शुद्ध ठेवणारे जीव असतात, ते गेले तर नव्या पाण्यात पाकट टिकणार नाही, हे त्यांनी समजावलं. संसारात पहिल्यांदाच त्यांनी तिला काही धुताना अडवलं होतं. तिनं अविश्वासानं फिल्टर परत दिला.

पाकट आणलं त्या दिवशी तिनं दारातूनच पाहिलं. काटा जाळ्यात अडकू नये म्हणून टाकीवाल्यांनी ते झाकणाच्या डब्यातून पाण्यात सोडलं. ते तळाशी गेलं, कडा फडफडवून अंगावर वाळू ओढून बसलं. वर फक्त दोन डोळे राहिले.

“लाजतंय,” बायको म्हणाली आणि आत आली.

नंतरच्या रविवारी लेकीचा फोन आला. टाकीवाले बाहेर पाण्याचे पाइप गुंडाळत होते. खिडकीतून बायकोचं बोलणं ऐकू येत होतं.

“तुझा पलंग काढला गं. तिथे आता टाकी आहे.” मग ती बराच वेळ ऐकत राहिली. “नाही, रागानं नाही. आलीस तर बाहेरच्या खोलीत आमच्याशेजारी झोपावं लागेल, एवढंच.”

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. टाकीवाल्यांचे हात थांबले होते. थोड्या वेळानं बायको पाकट काय खातं ते सांगू लागली, कोळंबी कशी सोलून द्यावी लागते, ते हाताखाली कसं येतं. फोन एरवी दोन शब्दांत उरकायचा. आज ती मध्येच हसलीही.

त्यांनी खिडकीतून डोकावलं. फोन खांद्यानं कानाशी धरून, बाही वर सारून ती टाकीशी वाकली होती. हात कोपरापर्यंत पाण्यात होता, आणि तळहाताखालची वाळू हलू लागली होती.