पेटीला केलेला फोन

विमान धावपट्टीवर वळलं, त्याची घरघर चढली, आणि जयवंताबाईंनी पदराखालचा फोन झटकन बाहेर काढला. तो आवाज मोटारीचा होता. पाणी उचलण्याआधी मोटार अशीच घुमते.

सकाळी विमानतळावर चहा पिताना रोजच्या सवयीनं त्यांनी इंदापूरला, विहिरीवरच्या पेटीला फोन लावला होता. पेटीत सिमकार्ड, इथून फोन केला की तिथं मोटार सुरू. पेटीतली बाई म्हणाली, वीज नाही, आल्यावर मोटार चालू होईल. त्यांनी निवांत चहा संपवला. आज मोटारीचं कपलिंग बदलायला यजमान सावळाराम विहिरीत उतरणार आहेत, हे आत्ता आठवलं. वीज दहाला यायची.

"माधवी, फोन लागंना गं ह्यो."

"फ्लाइट मोडवर टाकलाय, आज्जी. आता दिल्लीत."

"येकच कर. आबांना."

"आबा काय पळून चाललेत?"

"मोटार लावून आलीय मी. अन् त्यांचा हात मोटारीत असंल."

नातीचं हसू गेलं. तिनं फोन घेतला, फ्लाइट मोड काढून नंबर लावला. समोरून हवाईसुंदरीनं बोट हलवलं, तरी तिनं कानाचा फोन काढला नाही. एक रिंग वाजली. विमानानं जमीन सोडली. फोन मुका झाला.

पूर्वी खटका दाबण्याआधी काठावर उभं राहून हाळी द्यायची पद्धत होती. इहिरीत कोन हाय का? तीनदा. जयवंताबाईंचा आवाज पार ओढ्यापल्याड जायचा. पेटी आली आणि हाळी सुटली. घरात बसून कुणाला हाळी देणार?

खाणं आलं, तसंच परत गेलं. उन्हाची तिरीप डोळ्यावर आली म्हणून त्यांनी खिडकीची झडप ओढून घेतली. दहा वाजायला आले तेव्हा माधवीनं घड्याळाचा हात मांडीखाली सारला. जयवंताबाईंनी तो पाहिला, पण वेळ विचारली नाही.

दिल्लीत चाकं टेकली. माधवीनं पुन्हा नंबर लावून फोन आजीच्या हाती दिला. रिंग जात राहिली. सहाव्या रिंगला खाकरल्याचा आवाज आला.

"पोचलीस का?"

"अवो, तुमी वर हायसा का?"

"वर म्हंजी? जेवाय बसलोय."

"मी मोटार..."

"फ्यूज खिशात घालूनच उतरलो हुतो. च्याचा कप तोंडाला लागला की तुझं बोट कुठं जातं, मला ठावं न्हाय व्हय?"

जयवंताबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. माधवीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"खिडकीपाशी बसवली का पोरीनं?" सावळाराम घास चावत विचारत होते. "आपली इहीर दिसली का वरनं?"

जयवंताबाईंनी खिडकीकडं पाहिलं. झडप अजून बंदच होती.

"दिसली की," त्या म्हणाल्या. "काठावर तुमी बसला हुता."