अंगण खरंच वाकडं होतं

मित्रांनो, माझ्यावर हल्लीच नवा रंग चढला आहे, पण त्याला भुलू नका. मी एक जुनी सायकल आहे. बारीक टायरांची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची, गिअरची.

सुरुवातीची काही वर्षं मी एका प्राध्यापकांकडे होते. ते मला सुट्टीच्या दिवशीच बाहेर काढत आणि परत आल्यावर इतकं पुसत, की त्यांच्या पत्नी म्हणत, "मुलांची नाकंसुद्धा कधी एवढी पुसली नाहीत!" पुढे ते दुसऱ्या गावी गेले आणि मी जुन्या सायकलींच्या दुकानात आले. दुकानदाराने मला नवी साखळी आणि मागच्या चाकावर नवी दातेरी चक्रं बसवली. विकली जाण्याच्या आदल्या दिवशी दुकानातली शिडी कलंडली आणि मी उजव्या अंगावर फरशीवर आदळले. दुकानदाराने मला उचललं, दोन्हीकडून रंग पाहिला आणि म्हणाला, "वाचली!" ओरखडा एकही नव्हता. पण मागचा गिअर ज्या बोटभर पट्टीवर टांगलेला असतो, ती पट्टी आतल्या बाजूला वाकली होती. जेमतेम नखाएवढी. ते मला कळलं, त्याला कळलं नाही. आणि मित्रांनो, मला तर तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी मला नेलं ते एका मशीनमनने. तीस वर्षं त्याने छापखान्यात मोठं यंत्र चालवलं होतं. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, कुठला रूळ सुकलाय. तो छापखाना बंद पडला. मग वयाच्या पन्नाशीत त्याला एका तपासणी प्रयोगशाळेत काम मिळालं. खालच्या वस्तीतल्या दवाखान्यांमधून तपासणीच्या रक्ताच्या छोट्या बाटल्या गोळा करायच्या, बर्फाच्या पेटीत घालायच्या आणि टेकडीवरच्या प्रयोगशाळेत वेळेत पोचवायच्या. टेकडीचा चढ छातीवर येणारा. साध्या सायकलचं ते काम नव्हतं.

गिअर शिकवायला त्याची मेहुणी आली. ती शाळेत खेळ शिकवायची आणि शिट्टी घरातही गळ्यातच असायची. माझी उंची तिला जास्त पडत होती, पाय पुरत नव्हते, म्हणून ती स्वतःच्या सायकलवरून त्याच्या शेजारी चालायची आणि ओरडायची.

"भावोजी, चढ लागायच्या आधी बदला! चढावर नाही!"

"आधीच बदलला."

"मग पायातला जोर काढा. आता कळ दाबा. हळू!"

तो जोर काढायचा, कळ हलकेच दाबायचा. साखळी खडखडायची, दोन चक्रांच्या मध्ये अडकून नाचायची, मग धाडकन नको त्या चक्रावर पडायची. त्याचे पाय रिकामे फिरायचे आणि पेडल नडगीवर बसायचं. पुन्हा वर, पुन्हा खाली, पुन्हा तेच. मी जीव तोडून प्रयत्न करत होते, पण वाकड्या पट्टीवर टांगलेला गिअर सरळ कसा जाणार?

आठवड्याने तो घाम पुसत म्हणाला, "सायकलमध्येच काही नसेल ना?"

मेहुणी खो खो हसली. "नाचता येईना, अंगण वाकडं! अहो भावोजी, तुमचा हात छापखान्यातला. इथे नाजूक काम आहे."

तोही हसला. बायको हसली. मित्रांनो, अंगण खरंच वाकडं होतं. पण त्या दिवसापासून त्याने सायकलकडे पाहणं सोडलं आणि तो स्वतःच्या हाताकडे पाहायला लागला. जेवायला बसला तरी तो अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हलकेच दाबून सराव करायचा. बायको म्हणायची, "मीठ चिमटीत धरलंय का?"

असे एकूण तीन आठवडे गेले. मग ती सकाळ आली.

एका दवाखान्यात डॉक्टर स्वतः दारापर्यंत आले. त्यांच्या हातात छोटी नळी होती. "सात वर्षांची मुलगी आहे. मेंदूज्वर वाटतोय, म्हणून पाठीच्या मणक्यातून पाणी काढलंय. चौघांनी धरली होती तिला. हे तासाभरात पोचलं पाहिजे, नाहीतर उपयोग नाही."

"पोचवतो साहेब," तो म्हणाला.

चढ सुरू होण्याच्या बराच आधी त्याने पायातला जोर काढला आणि कळ दाबली. मी अगदी साक्षीला उभी आहे, मित्रांनो, त्याने सगळं बरोबर केलं. साखळी घसरली. त्याने आणखी एकदा हलकेच दाबली. वाकलेला गिअर मागच्या चाकाच्या तारांमध्ये शिरला, चाक जागच्या जागी जाम झालं आणि आम्ही दोघं डाव्या अंगावर कोसळलो. पडताना त्याने पेटी छातीशी धरली. नळी फुटली नाही. कोपर फुटलं.

मला तिथेच टाकून तो चढावर पळत सुटला.

संध्याकाळी त्याने मला ओढत घरी आणलं. घरात काय बोलणं झालं ते मी पडवीतून ऐकलं. तो बायकोला सांगत होता, "पोचलो तेव्हा दीड तास झाला होता. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, यातून आता काही कळणार नाही. मी परत दवाखान्यात सांगायला गेलो. मग पाणी काढायला त्या पोरीला पुन्हा धरली."

"तुम्ही मुद्दाम केलं का?" बायको म्हणाली.

"ती पोरगी मला म्हणाली, काका, तुम्ही सांडलं का?"



मुलगी वाचली, पण तिची ऐकू येण्याची शक्ती बरीचशी गेली. डॉक्टर चांगला माणूस. ते म्हणाले, "औषध आम्ही आधीच सुरू केलं होतं. उशिराचा याच्याशी संबंध असेलच असं नाही." त्याने त्यातलं 'असेल' तेवढंच ऐकलं.

त्याने काम सोडलं. एका गोदामाच्या फाटकावर बसायची नोकरी धरली. घरात त्याने कशाला हात लावणं बंद केलं. घड्याळ बंद पडलं की बायकोने बघायचं, नळ गळला की बायकोने. मी सहा वर्षं पडवीत भिंतीला टेकून होते. टायर बसले, साखळी गंजली. जाता-येता तो अंग चोरून, माझ्यापासून हातभर लांबून जायचा. मला लाथ मारली असती तरी बरं वाटलं असतं.

मग मेहुणीची मुलगी उंच झाली आणि तिने मला मागितलं. बायकोने दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. तो म्हातारा होता, बोलण्यापेक्षा हुंकार जास्त. त्याने मागच्या चक्रांवरून बोट फिरवलं, गिअरची पट्टी डोळ्याजवळ नेली आणि विचारलं, "ही कोण चालवत होतं?"

"आमचे हे. तीन आठवडे चालवली, पण त्यांना गिअर कधी जमलाच नाही."

"कुणालाच जमला नसता. पट्टी वाकलीय."

"पडली होती ना सायकल."

"पडली ती डावीकडे, खुणा तिकडे आहेत. पट्टी तर उजवीकडे आहे. आणि हे दात बघा, नवे कोरे असताना एकाच बाजूने खरवडलेत. म्हणजे पहिल्या दिवसापासून साखळी तिरकी धावत होती. तीन आठवडे चालवली? हात सोन्याचा असणार माणसाचा."

 नवरा घरी येईपर्यंत बायकोने भाकरीचं पीठसुद्धा मळलं नाही. तो दारात दिसताच तिने सगळं एका दमात सांगितलं. मी वाट पाहत होते. सहा वर्षं मला जे बोलता आलं नाही, ते अखेर कुणीतरी बोललं होतं.

तो चपला काढता काढता थांबला. म्हणाला, "म्हणजे पट्टी वाकलेली होती."

"हो! तुमची चूक नव्हतीच!"

"छापखान्यात मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच सांगायचो. यंत्र कुरकुरलं की आधी थांबा आणि वाकून बघा." तो हलकेच हसला, पण ते हसू नव्हतं. "तीन आठवडे कुरकुरत होतं. मी एकदा तरी वाकलो का?"

तो आत गेला. 

मित्रांनो, आता मी मेहुणीच्या मुलीकडे आहे. माझी पट्टी सरळ आहे आणि गिअर लोण्यासारखा बदलतो. टेकडीवर तिला बघून लोक म्हणतात, काय सफाईदार हात आहे! ती खूश होते. मी होत नाही.

तुमच्याजवळ कुणी काही शिकत असेल आणि त्याला ते जमत नसेल, तर हसायच्या आधी त्याच्या हातातली वस्तू एकदा आपल्या हातात घेऊन पाहा. त्याने विचारलं, "हिच्यातच काही नसेल ना?" तर त्याच दिवशी पाहा. सहा वर्षांनी सापडलेलं खरं मला दुरुस्त करू शकलं. त्याला नाही.