खुर्चीचा सवतीमत्सर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि मला इस्त्रीच्या टेबलाचा मनापासून राग आहे. आधीच सांगून टाकते.

सुताराने मला खास अभ्यासासाठी घडवलं. पाठ ताठ, हात रुंद, पाय भक्कम. या घरातला थोरला मुलगा माझ्यावरून दोन-दोन तास हलायचा नाही. निकालाच्या दिवशी बाबा माझं इतकं कौतुक करायचे, की लाकडाची असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग त्याची धाकटी बहीण शाळेत जाऊ लागली. घरात तिला भिंगरीच म्हणत. दोन ओळी झाल्या की ती माझ्यावर उकिडवी, मग उलटी, मग थेट जमिनीवर. वर्गातही मध्येच उठायची, मध्येच बोलायची, शेजारणीची वही ओढायची. बाईंनी कळवलं, की वार्षिक परीक्षेचा पेपर पुरा झाला नाही तर तिला त्याच वर्गात ठेवावं लागेल. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हा आगाऊपणा नाही. तिचं लक्ष टिकत नाही आणि ते रागावून टिकणारही नाही. बाबांना ते पटेना. ते तिला रोज माझ्यावरच बसवत. मलाही तेच हवं होतं.

एका संध्याकाळी आई इस्त्री करत होती. भिंगरी पुस्तक घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी उभी राहिली आणि या पायावरून त्या पायावर डुलत अख्खा धडा वाचून मोकळी झाली. तेही त्या काटकुळ्या, डागाळलेल्या टेबलापाशी! माझा नुसता जळफळाट झाला.

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, बसले की माझं सगळं लक्ष बसण्यातच जातं. अभ्यासाला उरतच नाही."

बाबांनी बोट खाली घेतलं.

टेबलापाशी उभं राहून पेपर लिहायला आईने बाईंची परवानगी काढली. परीक्षेच्या दिवशी बाबा स्वतः ते टेबल खांद्यावर घेऊन निघाले. मला कुणी कधी असं मिरवलं नव्हतं. पेपर अर्धाच राहू दे, असंही माझ्या मनात येऊन गेलं. त्याची मला अजून लाज वाटते.

दुपारी भिंगरी धावत आली. शेवटचा प्रश्नसुद्धा लिहून झाला होता. आईचे डोळे भरून आले. माझ्यावर हल्ली इस्त्रीचे कपडे ठेवतात.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही एखादी भिंगरी असेल. तिला हसू नका, 'नीट बस' म्हणून तिच्या मागे लागू नका. तिला कसं जमतं, ते आधी तिलाच विचारा. एका खुर्चीला हे सांगणं किती जड जातं, ते माझं मलाच माहीत.