खोल पाण्यातलं पिल्लू

काटेवाडीच्या बिरदेव आबांची लेक योगिनी १९९९ साली परदेशात, थंड आणि खोल समुद्रातल्या प्रवाळांवर संशोधन करत होती. दिवाळीला घरी आली तेव्हा तिनं आबांना सांगितलं, की प्रवाळाचं पिल्लू आधी पाण्यात तरंगत हिंडतं, मग कठीण जागा शोधून बसतं आणि जन्मभर तिथून हलत नाही. तिच्या टाकीतली पिल्लं मात्र बसण्याआधीच मरत होती.

"त्यास्नी जागा पसंत पडत न्हाय का गं?" आबांनी विचारलं.

मेंढरांमागं निम्मं आयुष्य काढलेल्या आबांना त्या पिल्लांची काळजीच लागली. योगिनी परत गेल्यावर दर फोनला त्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा.

उन्हाळ्यात शेजारच्या कुशाबाईंकडे तिचा फोन आला. आबा धावतच गेले.

"आबा, एक बसलं! दगडाला घट्ट चिकटलंय. त्याला तोंड आलंय, भोवती बारीक बारीक हात फुटतायत."

"जित्तं हाय न्हवं?"

"व्हय आबा!"

फोन ठेवताना आबांचे डोळे भरून आले होते.

"नातू झाला का काय?" कुशाबाईंनी विचारलं.

"तसंच समजा. पर लई खोल पाण्यातला हाय," आबा म्हणाले, आणि कुशाबाईंच्याच डब्यातली साखर त्यांनी बाईंच्या हातावर ठेवली.