हाँगकाँगचा घास

"ही करंजी आहे," वासुदेवराव म्हणाले.

वेटरने आधी बशीकडे पाहिलं, मग वासुदेवरावांकडे. "डिम सम सार. स्पेशल."

"तळलंय हे. डिम सम वाफवतात. आणि पारी केवढी जाड. खऱ्याची पारी इतकी पातळ असते, की आतलं सारण बाहेरून दिसतं. वर चुण्या असतात, बारीक, एकसारख्या. बांबूच्या करंडीतून येतं, आणि झाकण काढलं की वाफ अशी वर जाते."

हे सगळं त्यांनी व्यवस्थित कानडीत सांगितलं, वाफ मात्र हातांनी दाखवली. वेटर "सरी सार" म्हणाला आणि बशी तिथेच ठेवून निघून गेला.

सुचेताबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला होता. "कोबीची आहे. बरी आहे हो. खा गरम आहे तोवर."

वासुदेव कान्हेरे यांची बंगळूरातली बत्तीस वर्षं एका सरकारी यंत्रकारखान्याच्या तपासणी विभागात गेली. केसाएवढा फरक दिसला की माल परत, मग समोर मॅनेजर का असेना. असा माणूस करंजीला डिम सम म्हणेल ही आशाच चुकीची होती. जून संपताना ते निवृत्त झाले. चौदा जुलैला, रविवारी अकरा वाजता बसवनगुडीच्या घरापुढे ट्रक लागणार होता आणि कान्हेरे मंडळी मिरजेला कायमची परतणार होती. अर्धं घर खोक्यांत गेलं होतं. वासुदेवरावांचं लक्ष मात्र खोक्यांत नव्हतं. सुचेताला एकदा खरं डिम सम खाऊ घातल्याशिवाय हे शहर सोडायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं. मिरजेला काय मिळणार? त्यामुळे गेले सहा रविवार नवरा-बायको संध्याकाळी नटूनथटून चिनी हॉटेलं धुंडाळत होती. प्रत्येक हॉटेलाबाहेर ड्रॅगन होता आणि आत गोबी मंचुरियन.

हा हट्ट नुसत्या जिभेचा नव्हता. त्यामागे एक थाप होती, आणि ती अठरा वर्षांची झाली होती.

अठ्ठ्याहत्तर साली कारखान्याने त्यांना एक यंत्र तपासायला बारा दिवस हाँगकाँगला पाठवलं. त्यांच्या हुद्द्याचं कुणी तोवर समुद्रापार गेलं नव्हतं. परत आल्यावर कँटीनमध्ये सगळे भोवती जमले. तिथे काय खाल्लंत, या प्रश्नाला वासुदेवरावांनी उत्तर दिलं, डिम सम. मग तेच घरी सांगितलं, मराठी मंडळाच्या गणपतीत सांगितलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. चुण्या, करंडी, वाफ, सगळं अगदी हुबेहूब. वासुदेवरावांनी ते पाहिलं होतं, खाल्लं मात्र नव्हतं.

यंत्रकंपनीचे म्हातारे इंजिनिअर लाऊसाहेब त्यांना शेवटच्या दिवशी अकराच्या सुमाराला जेवायला घेऊन गेले होते. पाहुणा मांसमच्छी खात नाही म्हणून त्यांनी आदल्या दिवशी सांगून अळंबी आणि शिंगाड्याचं सारण करवून घेतलं होतं. करंडी उघडल्यावर त्यातलं सगळ्यांत देखणं एक स्वतःच्या काड्यांनी उचलून त्यांनी पाहुण्याच्या बशीत ठेवलं. आणि वासुदेवराव घाबरले. यात चरबी असली तर? कळायचं कसं? पोट बिघडलंय, असं ते पुटपुटले.  लाऊसाहेबांनी मान हलवून चहा ओतला आणि चहा ओतणाऱ्याचे आभार टेबलावर दोन बोटं ठोकून कसे मानतात, ते दाखवलं. वासुदेवरावांनी बोटं ठोकली. मग खोलीवर जाऊन त्यांनी मेतकुटाशी दशमी खाल्ली.  इतक्या मायेने वाढलेलं आपण नाकारलं, ही लाज त्यांना अजून वाटत होती.

एकदा ते खावं आणि सुचेतासमोर खावं, म्हणजे उशिरा का होईना, सांगितलेलं खरं होईल, असा त्यांचा हिशोब होता. आणि हातात आता एकच आठवडा होता.

करंजीच्या हॉटेलातून बाहेर पडल्यावर ब्रिगेड रोडच्या मागच्या गल्लीत त्यांना आणखी एक पाटी दिसली. हॉटेल लहान, सहा टेबलांचं. ड्रॅगन नव्हता. गल्ल्यावर साठीची एक चिनी बाई मटार सोलत बसली होती.

"डिम सम आहे का?" वासुदेवरावांनी इंग्रजीत विचारलं.

"नो," ती म्हणाली आणि सोलत राहिली.

वासुदेवराव मागे वळले. सुचेताबाई वळल्या नाहीत. मटार सोलणाऱ्या बाईला असं सोडून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "अक्का, कुठेच कसं हो मिळत नाही ते?" त्यांनी कानडीत विचारलं.

बाईने मान वर केली आणि तितक्याच अस्सल कानडीत उत्तर दिलं, "इदु तिंडी अम्मा, ऊटा अल्ला."

तिंडी म्हणजे सकाळची न्याहारी. जेवण नव्हेच ते. वासुदेवराव जागच्या जागी उभे राहिले. बत्तीस वर्षं रोज अकराला कारखान्यात जेवणारा माणूस, लाऊसाहेबांनी अकराला नेलं म्हणजे जेवणच असणार, असं धरून चालला होता. आणि बाहेर जेवायचं म्हणजे संध्याकाळी, हेही त्यांनी तपासणी न करताच पास केलं होतं.

"संध्याकाळी उप्पिट्टू शोधत फिरल्यासारखं झालं की हो हे," सुचेताबाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. बाईही हसली. तिचं नाव लिली. जन्म इथल्याच चामराजपेटचा, वडील दातांचे डॉक्टर. डिम सम ती फक्त रविवारी सकाळी करायची आणि तेही आपल्या लोकांच्या आठ-दहा घरांसाठी, हॉटेल बंद ठेवून.

"पुढच्या रविवारी अकराला आमचा ट्रक आहे, अक्का. गाव सोडतोय आम्ही."

लिलीअक्काने दोघांकडे एकदा नीट पाहिलं. "मग सातला या."

चौदा तारखेला ती दोघं पावणेसातलाच पोचली. अर्धं शटर वर होतं. आत सहाही टेबलं भरलेली, म्हातारे पेपर वाचताहेत, पोरं खुर्च्यांखाली, सगळे एकाच वेळी बोलताहेत. एका कुटुंबाने सरकून दोघांना जागा दिली. सुचेताबाई काही तिथे बसल्या नाहीत. त्या थेट स्वयंपाकघराच्या दारात गेल्या, दोन मिनिटं लिलीअक्काचे हात पाहिले, हात धुतले आणि एक पारी उचलली.

"अगं, तिचं काम आहे ते," वासुदेवराव म्हणाले.

"तुम्ही बसा हो."

तांदळाच्या उकडीपेक्षा हे पीठ चिवट होतं. पहिलं फाटलं. दुसऱ्याला मात्र पंधरा चुण्या पडल्या, सगळ्या सारख्या. लिलीअक्काने ते तळहातावर घेऊन फिरवून पाहिलं. "यार कलिसिदरु?" तिने विचारलं. कुणी शिकवलं?

"सासूबाईंनी. आमच्या देवाला लागतात."

करंडी टेबलावर आली. लिलीअक्काने झाकण काढलं, वाफ वर गेली. या करंडीतली सगळी बिनमांसाची आहेत आणि भांडी वेगळी आहेत, हे तिने न विचारताच सांगितलं. मग स्वतःच्या काड्यांनी तिने एक उचललं आणि वासुदेवरावांच्या बशीत ठेवलं.

वासुदेवराव बशीकडे बघत राहिले. पारीतून अळंबीचा करडा रंग दिसत होता. सुचेताबाई समोर बसल्या होत्या, पिठाचे हात तसेच. वासुदेवरावांनी ते हातानेच उचललं आणि अख्खं तोंडात घातलं. जीभ पोळली. आधी काही कळलं नाही, मग आलं लागलं, मग शिंगाडा दाताखाली कुरकुरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाँगकाँगला होतं तसंच आहे?" लिलीअक्काने विचारलं. सुचेताबाईंनी तिला स्वयंपाकघरात सगळी कथा ऐकवली होती.

हो म्हणायला फक्त मान हलवायची होती. अठरा वर्षांचं काम तेवढ्यात पुरं झालं असतं. पण तोंडात खऱ्याची चव असताना वासुदेवरावांना ते जमेना.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. मग बायकोकडे वळून मराठीत म्हणाले, "सुचेता, मी तिथे खाल्लं नव्हतं. त्या माणसाने खास माझ्यासाठी करवून घेतलं होतं, आणि मी हात लावला नाही."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"बारा दिवसांच्या दशम्या दिल्या होत्या, एकही परत आली नाही. मेतकुटाचा डबा तर घासल्यासारखा रिकामा. आणि इतक्या वर्षांत दिसतं कसं ते हजारदा सांगितलंत, चव एकदाही सांगितली नाहीत."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"सांगताना केवढे खुशीत असायचा तुम्ही. मला आवडायचं ऐकायला." त्यांनी करंडी जवळ ओढून एक उचललं. "आता चव सांगा."

वासुदेवरावांनी चव सांगायला सुरुवात केली. आलं किती, मीठ किती, शिंगाडा कितव्यांदा चावल्यावर लागतो, सगळं तपासणी अहवालाच्या थाटात. सांगता सांगता त्यांनी चार खाल्ली आणि अहवाल लांबतच गेला. पंधरा चुण्यांचं जे होतं, ते बायकोचं आहे हे त्यांनी न सांगता ओळखलं आणि शेवटी खायला ठेवलं. एवढा आनंद त्यांना निवृत्तीच्या हारातुऱ्यांतही झाला नव्हता.

लिलीअक्का किटली घेऊन आली. तिने वासुदेवरावांचा कप भरला. त्यांनी तर्जनी आणि मधलं बोट जुळवून टेबलावर दोनदा ठोकलं. तिचा हात थांबला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"लाऊसाहेबांनी," वासुदेवराव म्हणाले. हे मात्र पहिल्यापासून खरं होतं.

दहा वाजत आले होते. बसवनगुडीला ट्रक यायची वेळ होत होती. लिलीअक्काने सुचेताबाईंचा कप भरला. त्यांनी आपली पिठाची दोन बोटं जुळवली आणि नवऱ्याकडे बघत टेबलावर ठोकली. बांगड्या वाजल्या. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने पेपर खाली केला, दोघांकडे पाहिलं आणि आपली करंडी थोडी त्यांच्याकडे सरकवली.